शेवटचा डबा

गार्डकाकांना वय विचारलं, की ते फक्त पूर्ण झालेली वर्षं सांगत. "म्हणजे पुढचं चालू ना?" असं कोणी म्हटलं तर म्हणत, "चालू आहे ते चालू आहे. झालं कुठं?" सगळी नोकरी त्यांनी मनमाडहून सुटणाऱ्या मालगाड्यांवर केली होती, गाडीच्या अगदी शेवटच्या डब्यात बसून. निवृत्तीनंतर नाशिकरोडला माझ्या समोरच्या घरात मुला-सुनेकडे राहायला आले. पुढे मुलगा गेला, तेव्हापासून सूनच त्यांचं सगळं करायची.

१९९९ सरताना आम्ही पोरांनी गच्चीवर नव्या शतकाचं स्वागत ठेवलं होतं. काका आले, पावभाजी खाल्ली आणि वाद उकरून काढला. "पहिल्या वर्षाला एक म्हणतात, शून्य नाय. मग शंभर कधी भरतात? शंभरावं सरल्यावर. हे दोन हजार साल म्हणजे शेवटचा डबा. तो जायच्या आत गाडी गेली म्हणता? लय घाई रे तुम्हाला!"

"काका, सगळं जग आज नाचतंय," मी म्हणालो.

"नाचू दे. जगाने कधी गाडी नेलीय?"

पुढच्या ३१ डिसेंबरला ते थर्मास घेऊन एकटेच गच्चीवर गेले. मी खालून ओरडलो, "काका, आलं का शतक?" आणि आम्ही सगळे हसलो.

त्यांना शंभरावं लागलं तेव्हा मी सोसायटीचा सेक्रेटरी होतो. सत्काराची टूम माझीच. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं, "शंभर पूर्ण झाल्यावर करू की, पुढच्या वर्षी." मी म्हणालो, "तोवर म्हातारा टिकेल का?" दार उघडंच होतं. नळाला पाणी नाही हे सांगायला काका तिथे येऊन उभे होते. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाले, "घ्या उरकून. तुमच्या सोयीनं होऊ द्या."

शाल झाली, नारळ झाला, शंभरचा आकडा काढलेला केक कापून झाला. माईक हातात दिल्यावर काका म्हणाले, "मी अजून शंभरचा झालेलो नाय. पुढच्या वर्षी या." लोक खो-खो हसले. सर्वांत जोरात टाळ्या मी वाजवल्या.

काका टिकले. यंदा त्या दिवशी सकाळी पार्किंगमधल्या बाकावर कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसले होते. मांडीवर पेढ्यांचा खोका.

"काय काका, कुणाच्या लग्नाला?" हेल्मेट चढवत मी विचारलं.

"आज भरली शंभर."

"अहो, ती झाली की मागच्या वर्षी!" म्हणत मी हसत स्कूटर काढली. द्वारका चौकातल्या सिग्नलला डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वळता आलं असतं. पण ऑफिसला उशीर होत होता.

संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, पाया पडलो. खोक्याची दोरी तशीच होती. ती सोडत काका म्हणाले, "घे पेढा."

"काका, चुकलं माझं."

"चुकलं काय त्यात? गाडी बरोबर वेळेवर आली. फलाटावर कोणी नव्हतं. मालगाडीला घ्यायला येतं कोण?"

पेढा हातात घेऊन मी घरी आलो.

महिन्याभरात ते गेले. खालच्या फळ्यावर निधनाची वार्ता लिहायचं काम सेक्रेटरीचं. मी वय शंभर लिहिलं. मागून तळमजल्यावरचे जोशी म्हणाले, "अहो, शंभर गेल्या वर्षी होते ना? एकशेएक करा."

"गेल्या वर्षी झाले नव्हते."

"मग तो सत्कार?"

जिन्यात काकांची सून उभी होती. त्या मीटिंगमध्ये काय बोललं गेलं, हे काकांनी तिला कधीच सांगितलं नव्हतं. खडू हातात धरून मी तिच्याकडे वळलो.

"वहिनी," मी म्हणालो, "म्हातारा तोवर टिकणार नाही, असं मी म्हणालो होतो. त्यांनी ते ऐकलं होतं."