फोम अंथरलेल्या खोल्या

भुताखेतांचे किस्से सांगायचा हक्क ट्रक ड्रायव्हर आणि हॉस्पिटलातल्या माणसांनाच आहे, असं सगळे धरून चालतात. आम्हाला कोणी विचारतच नाही! आम्ही घराघरात लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटच्या पट्ट्या बसवायचो. त्याआधी खाली पांढरा, पातळ फोम अंथरायचा. म्हणजे चालताना टकटक होत नाही आणि ओलही वर येत नाही. अख्खा दिवस लोकांच्या जमिनीवर गुडघे टेकून काढला की नको ते ऐकू येतंच. आणि असे किस्से साठत जातात. टाकून द्यायचे म्हटलं तरी जात नाहीत.

आम्ही तिघं. कोन गावचा मी, पूर्वी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, ड्युटी केलेले सलीमभाई, आणि पडघ्याच्या पलीकडल्या पाड्यावरचा बबन.

*

कामतघर भागात एका बाईंचं घर लूमच्या गाळ्याच्या वर होतं. जमीन सतत थरथरायची. फरशीवर तळहात ठेवला की मुंग्या यायच्या.

"जाड फोम टाका हो," बाई म्हणाल्या. "हे धडधडणं सहन होत नाही."

टाकला. धडधड बरीच कमी झाली. जाता जाता सलीमभाई म्हणाले, "भाभी, जुम्मे को तो आराम मिलता होगा? लूम बंद रहते हैं."

बाई आमच्याकडे बघतच राहिल्या. "खालचे लूम कधीच भंगारात गेले. गाळा रिकामा आहे."

आम्ही उतरताना बघितलं. शटरला कुलूप, आणि कुलपाला गंज!

*

पुढचा किस्सा एका शाळेतल्या सरांच्या नव्या फ्लॅटमधला. फोम अंथरला, दार ओढून घेतलं आणि चहाला गेलो. परत आलो तर फोमवर पावलं. अनवाणी, लहान, नीट दाबलेली. फोम फुगून वर येत होता, तशी ती डोळ्यांदेखत पुसट होत होती.

बबन म्हणाला, "मी न्हाय आत जात." मी बाहेर येऊन सरांना फोन लावला. वाटलं, आता हे ओरडणार.

सरांनी शांतपणे विचारलं, "बोटं खिडकीकडे आहेत की दाराकडे?"

"दाराकडे."

"मग हरकत नाही. जाताहेत. तुम्ही पट्ट्या बसवून घ्या."

*

सगळंच काही तसलं नसतं. एका घरात काम संपत आलं आणि जमिनीतून घुर्रर्र, घुर्रर्र असा आवाज यायला लागला. बबनने देवाचं नाव घेतलं. मी पट्ट्या ठोकायचा ठोकळा टाकून उंबऱ्यावर! सलीमभाई मात्र खिसे चाचपत होते. त्यांचा नवा मोबाइल व्हायब्रेटवर होता आणि आम्ही त्याच्यावरून जमीन करून टाकली होती!

पट्ट्या उचलून फोन काढला. पलीकडे त्यांची बायको. "कब से लगा रही हूँ, कहाँ थे?"

सलीमभाई घामाघूम. तोंडातून निघून गेलं, "ज़मीन के नीचे था."

ती बिचारी तिकडे रडायलाच लागली.

*

एका दुकानदाराच्या बेडरूममधली एक पट्टी सारखी वर यायची. दाबून बसवली की दुसऱ्या दिवशी फोन, "पुन्हा उचलली." ओल असेल म्हणून भरदुपारी उघडली. खाली सगळं कोरडं. बबनने फोमवर हात ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मीही हात लावला. आजूबाजूचा फोम गार होता. मधे माणसाच्या लांबीएवढा पट्टा ऊबदार. सकाळी अंथरुणातून उठल्यावर गादी लागते ना, तसा.

"आत्ताच उठलंय कुनीतरी," बबन म्हणाला.

दुकानदाराने तिथे पलंग सरकवला. पट्टी पुन्हा वर आली नाही. त्या पलंगावर झोपतं कोण, हे मात्र आम्ही विचारलं नाही!

*

आता पडघ्याचा सांगतो. ज्यांच्या शेतात गोदामं उभी राहिली, अशांचं घर. नवा बंगला. म्हातारबाबा वारले होते, त्यांच्या खोलीत आम्हाला काम होतं. सूनबाईंनी आम्हाला आधीच बाजूला घेतलं.

"सासूबाई म्हणतात, बाबांची काठी ऐकू येते. जेवत नाहीत, झोपत नाहीत, नुसता कान लावून बसतात. तुम्ही डबल फोम टाका. आवाजच नको."

आम्ही फोम उलगडत होतो, तेव्हा आजी दारात येऊन उभ्या राहिल्या. बारीक अंगाच्या, हिरवं नऊवारी. खिडकीजवळची जागा दाखवून म्हणाल्या, "तेवढं नको रं झाकू, बाबा. त्यांना कळलं पायजे ना, मी ऐकतंय म्हनून."

सूनबाई आत होत्या. मी सलीमभाईंकडे बघितलं. त्यांनी कटर घेतला आणि खिडकीजवळचा फोम कापून काढला. वरून पट्ट्या बसल्यावर काहीच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी कडेचं बीडिंग मारलं, खोली पुसली, दार लावलं. निघताना सूनबाईंनी पडवीत चहा दिला. आजी झोपाळ्यावर. घरातले सगळे समोरच होते. आजींचा मुलगा सांगत होता, गोदामाला नवी पार्टी मिळालीय वगैरे.

आणि आतून आवाज आला. टक. टक. टक. खिडकीजवळ. मग थांबला.

मुलगा बोलायचा थांबला. सलीमभाईंनी कप खाली ठेवला. बबनने माझा दंड धरला.

आजींनी मान वळवली नाही. चेहरा मात्र असा उजळला, की मला त्यांच्याकडे बघवेना. "उठले," एवढंच म्हणाल्या.

मी सूनबाईंकडे बघितलं. डबल फोम सांगणारी तीच. आता चिडेल, आम्हाला जाब विचारेल, असं वाटलं.

ती उठली. पदर सावरला. आत जाता जाता सासूला विचारलं,

"त्यांचा बिनसाखरेचाच ना, आई?"