खाडीचं पाणी अन् माहा कूलर

नाही सांगत म्हटलं तं नाही सांगत! लग्न असो का तेरवी असो, चार जण जमले का झालं सुरू, "काका, तो समुद्राचा किस्सा सांगा ना." काहून? दुसरं काम नाही तुमाले? नागपूरच्या या साऱ्या जरीपटक्यात माह्याशिवाय कोणी कधी गाढवपणा केलाच नाही का? बरं, बसा. चहा आला हाय म्हणून सांगतो. मधात कोणी दात काढले तं उठून चालला जाईन.

माही पोरगी सुषमा कोकणात दिली. रत्नागिरीकडं. जवाई प्रशांत, माणूस चांगला, पण चूप हसते. तोंड बंद अन् पोट हालते! असा माणूस मले पटत नाही. हसाचं तं हसा ना मोकळं.

दोघायनं पै पै जोडून खाडीच्या काठावर घर बांधलं. अन् त्या घराचा विमा काढला. कशाचा? पुराचा! दर वर्षी हप्ता.

म्या म्हटलं, "जवाईबुवा, जे पाणी आलंच नाही, त्याचे पैसे कशाले भरता?"

"बाबा, समुद्राजवळ राहतो आम्ही. काढलेला बरा."

"आमाले पहा. ना समुद्र, ना विमा. मस्त झोपतो!"

झालं. त्याचं पोट हाललं.

आता माहा धंदा तुमाले ठाऊकच हाय. जिंदगी गेली कूलर बनवण्यात. पत्रा कापा, ताट्यायमंदी वाळा भरा, पंखा आवळा. पोरीच्या घराले आहेर काय देणार? म्या स्वतः ठोकलेला कूलर ट्रकवर चढवून कोकणात पाठवला. अन् त्यायनं काय करावं? म्हणे तिकडची हवा दमट, कूलर चालत नाही. ओसरीवर ठेवला अन् त्यात छत्र्या अन् चपला भरल्या! माह्या कूलरमंदी चपला! जाऊ द्या.

तं या मे महिन्यात दोघं नागपूरले आले. सदर मोहल्ल्यात सुषमाच्या मैत्रिणीचं लग्न होतं. सारे गेले, आमची बुढी, सुषमाची माय, तेबी नटून गेली. मी नाही गेलो. तो डीजे वाजला का माहे दात हालते. प्रशांतचा फोन चार्जिंगले लागला होता. त्यात त्याच्या कोकणातल्या घराचा कॅमेरा दिसते. जाता जाता त्यानं तो टेबलावर उभा करून देल्ला. "बाबा, कंटाळा आला तर आमचं घर बघत बसा."

हे ध्यानात ठेवा. सुरुवात त्यानं केली.

ते गेले अन् नळ आला. म्या कूलरमंदी पाइप टाकला. हरेक गिऱ्हाइकाले मी एकच सांगत आलो, पाइप टाकला का तिथून हलाचं नाही. जाग्यावर उभं राहाचं. म्या विचार केला, तवरिक जरा फोनमंदी पाहू.

आता खरं सांगतो, म्या समुद्र कधी पाहिला नव्हता. पाणी म्हटलं का आपला फुटाळा तलाव. फोनमंदी काय दिसते? ओसरी, माहा कूलर, त्यातून वर आलेली छत्रीची मूठ. पुढं अंगण, कंबरेइतकी भिंत, अन् भिंतीपलीकडं नुसता चिखल. चिखलात एक होडी आडवी पडलेली, म्हैस बसते तशी. मी मनात म्हटलं, हाच का तो समुद्र? याच्यासाठी विमा?

तेवढ्यात चिखलाच्या शेवटाले एक चकचकीत रेघ दिसली.

ते रेघ पुढं आली. हळूहळू. ढग नाही, वारा नाही, आभाळ लख्ख. अन् पाणी येऊन राहिलं. कोणी बोलावलं नाही, कोणी ढकललं नाही, आपलं आपण! चिखल दिसेनासा झाला. पाणी होडीपाशी आलं. अन् होडी, बाप्पा, काय सांगू, होडी हालली. एका कुशीवरून उठली. कोणी हात लावला नाही न् सरळ उभी राहिली! एवढं मोठं धूड त्या पाण्यानं असं उचललं, जसं मायनं निजलेलं लेकरू उचलावं. मी आ वासून पाहातच राहिलो.

मग पाणी भिंतीले लागलं. पोरीचं घर!

आपल्याकडं पाणी कव्हा चढते? पाऊस पडला तं, नाही तं वरच्या धरणाचे दरवाजे उघडले तं. पाऊस तं नाही. म्हणजे दरवाजे उघडले! म्या शेजारच्या मनोहरले हाक मारली. जिंदगीभर ट्रक चालवला त्यानं, सारा देश पाहिला म्हणते.

"मनोहर, पाह्य बरं हे!"

त्यानं चष्मा लावला. "अबे, हे तं घुसून राहिलं! धरणच सोडलं असन."

"पोरीचं घर हाय ते, गा!"

"मंग उभा काय राहिला? फोन लाव!"

सुषमाले फोन लावला. उचलत नाही. बुढीले लावला, उचलला, पण आत नुसता डीजे. मग मले विमा आठवला. प्रशांतच्या फोनमंदी त्या कंपनीचा नंबर होता, मनोहरनं काढून देल्ला. मी बोलून राहिलो माह्या फोनवर, डोळे त्याच्या फोनमंदी. पहिले गाणं वाजलं, मग एक पोरगी आली. गोड आवाज.

"नमस्कार सर, काय मदत करू?"

"पूर आला वं पोरी! घर बुडून राहिलं!"

ते घाबरली. "सर, आधी सांगा, तुम्ही सुरक्षित आहात ना?"

"मी मजेत हाओ. मी नागपूरले हाओ."

"मग पूर कुठे आलाय?"

"कोकणात! जवायाच्या घरी, पॉलिसी त्याच्याच नावाची!"

"सर, तुम्हाला कसं कळलं?"

"पाहून राहिलो ना! भिंतीले लागलं! होडी उभी राहिली!"

"होडी?" ते थांबली. "सर, शांत व्हा. मला नीट सांगा. तुम्ही आत्ता जिथे उभे आहात, तिथे पाणी आहे का?"

"नाही वं, इथं कुठून..."

अन् माह्या पायाले गार लागलं.

खाली पाहिलं. पाणी! घोटा बुडला होता. आता तुमीच सांगा, त्या घडीले माणसानं काय समजावं? म्या फोनकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं, अन् आईशप्पथ, मले वाटलं समुद्र फोनातून भाईर आला.

"हाय वं! इथंबी आला!"

मनोहर पलंगावर चढून वराडला, "अबे, हा तं जरीपटक्यात घुसला!"

तवा माही नजर कूलरकडं गेली. काठोकाठ भरून, चहूबाजूनं धबधबा चालू. पाइप आत, नळ पुरा खुला. साऱ्या नागपूरले शिकवणारा मी! पहिले मेन स्वीच पाडला, मग नळ बंद केला, मग खाली बसलो. पाण्यातच.

सारे संध्याकाळी आले तं गाद्या अंगणात, पिठाचा डबा तिरपा अन् आमी दोघं म्हातारे बादल्या भरून राहिलेलो.

बुढी उंबऱ्यातून म्हणे, "काहो, हे काय करून ठेवलं?"

"माहं सोड! पोरीचं घर पाह्य पहिले!"

प्रशांतनं फोन उचलला, मले दाखवला. चिखल. होडी आडवी. कूलरमंदी छत्री. पाण्याचा पत्ता नाही.

"बाबा, ती भरती होती. रोज दोनदा येते आणि जाते. आज पौर्णिमा, म्हणून जरा जास्त."

"रोज?" म्या म्हटलं. "एवढं सारं पाणी रोज येते, दारापाशी थांबते अन् वापस जाते? अन् तुमी तिथं झोपता?"

"झोपतो."

अजूनबी तो विचार आला का अंगावर काटा येते. कोणाचं ऐकते ते पाणी? अन् जाते कुठं?

तवर प्रशांतचं पोट हालाले लागलं होतं. तेवढ्यात फोन वाजला. विम्याच्या कंपनीचा माणूस थेट कोकणातल्या घरापाशी जाऊन उभा होता. म्हणे, "साहेब, इथे तर कूलरमधल्या चपलासुद्धा कोरड्या आहेत." तवा मात्र प्रशांत मोठ्यानं हसला. पहिल्यांदा. लग्नानंतर पहिल्यांदा, असं सुषमा म्हणते.

पुढच्या महिन्यात टपालानं एक लिफाफा आला. जवायानं माह्या घराचा विमा काढून देल्ला. पुराचा! समुद्र नाही, नदी नाही, अन् गल्लीत पुराचा विमा असलेला एकटा मीच. मनोहरनं वाचून दाखवला. म्हणे स्वतःच नळ उघडा ठेवला तं त्याची भरपाई भेटत नाही. म्हणजे जो पूर माह्या घरी येऊ शकते, तेवढाच त्यात नाही!

आता मी सुषमाले फोन करतो तं जेवली का म्हणून नाही इचारत. पहिले इचारतो, "वं, होडी उठली का?" ते म्हणते, "या ना बाबा, सोताच पाहा." मन लय होते. पण मी नाही जात. मनोहर पलंगावर चढला, त्याले मी माफ केलं. बुढीनं साऱ्या सोयऱ्यायले सांगतलं, तिलेबी केलं. पण समुद्र रोज दोनदा दारापाशी येऊन जाते, हे घर बांधतानाच सांगाले पाहिजे होतं का नाही? ज्यानं नाही सांगतलं, त्यानं अजून माफी मांगली नाही. नाव पाहिजे? घ्या. माहा जवाई, प्रशांत.