मास्तरीणबाईंपर्यंतची वायर

आमचे सासरे, आप्पा, हवेवर विश्वास ठेवत नाहीत. जन्मभर टेलिफोनचे लाईनमन होते. खांबांवर चढून तारा ओढल्या, खड्ड्यांत उतरून केबली जोडल्या. त्यामुळे जी गोष्ट हाताला लागत नाही ती पलीकडे पोचते, हे त्यांना पटतच नाही. गल्लीच्या टोकाला आमचं नवं घर उभं राहत होतं, तेव्हा माझा नवरा म्हणाला की सगळ्या खोल्यांत सिनेमे दिसायला वायरी कशाला, वायफाय आहे की! आप्पांनी त्याच्याकडे असं काही बघितलं की तो बिचारा चहा प्यायच्या निमित्ताने सटकला.

बेत आप्पांचाच होता. घरात साठलेल्या सिनेमांच्या सगळ्या सीड्या एका हार्ड डिस्कवर घ्यायच्या, ती जिन्याखालच्या कपाटात ठेवायची आणि तिथून प्रत्येक खोलीत वायर न्यायची. ज्याला जो सिनेमा हवा तो त्याने आपल्या खोलीत बसून बघावा. पण खरं सांगू? हा सगळा खटाटोप एकाच माणसासाठी होता. सासूबाई नव्या घरात यायला तयार नव्हत्या.

भांडण नाही, रुसवा नाही. "तुम्ही सगळे जा, मी इथे बरी आहे," एवढंच म्हणायच्या आणि भाजी निवडायला घ्यायच्या. गल्लीच्या दुसऱ्या टोकाच्या भाड्याच्या दोन खोल्या, गळका नळ, उभं राहिलं की डोकं आपटेल असा माळा. काय बरं होतं तिथे, देव जाणे. आप्पांनी आपल्या परीने उत्तर शोधलं. दुपारची जेवणं आटोपली की सासूबाई टीव्हीवरचा सिनेमा लावून बसत आणि तो संपेपर्यंत त्यांना हाक मारायची कोणाची टाप नव्हती. सिनेमाच हवा ना हिला, मग घरभर देतो, असं म्हणून आप्पा कामाला लागले.

प्लास्टर व्हायच्या आधी भिंतींत पाइप टाकून वायरी ओढायच्या होत्या. त्यासाठी इलेक्ट्रिशियन ठेवला होता, पण आप्पा त्याला एक वळण स्वतःच्या मनाने घेऊ देईनात, तेव्हा त्याने हात टेकले. वायर तपासायची पद्धतही लाईनमनचीच. दोन टोकांना दोन जुने फोन लावायचे आणि बोलायचं. नवऱ्याने तपासणीचं यंत्र आणलं होतं, हिरवा दिवा लागला की वायर ठीक. आप्पा म्हणाले, दिव्याला काय कळतंय? मग काय, मी आपली रंगाच्या डब्यावर बसून फोनमध्ये "ऐकू येतंय, आप्पा, ऐकू येतंय" करायची. एकदा वैतागून मी गप्पच बसले, तर या गृहस्थांनी आख्खी वायर उपसून बाहेर काढली. पुन्हा मी त्या भानगडीत पडले नाही.

शेवटी घर तयार झालं आणि सासूबाईंना बघायला आणलं. आप्पांनी त्यांचा आवडता सिनेमा सगळ्या खोल्यांत एकदम लावून ठेवला होता. त्या हॉलमध्ये शिरल्या तर नायिका रडतेय. आमच्या खोलीत डोकावल्या, तिथेही तीच रडतेय. स्वयंपाकघरातही सुटका नाही. आप्पा पेपर तपासून मिळायची वाट बघणाऱ्या पोरासारखे मागे मागे फिरत होते. सासूबाई सगळीकडे हात फिरवत आपल्या खोलीपाशी आल्या आणि पलंगावर टेकल्या.

"छान केलंय हो," त्या म्हणाल्या. "पण इथे बोलायचं कोणाशी?"

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात उजेड पडला. जुन्या घराच्या शेजारी मास्तरीणबाई राहतात. शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्या, आणि गुडघ्यांनी असहकार पुकारल्यामुळे उंबरठ्याबाहेर न पडणाऱ्या. दोन घरांच्या मधल्या भिंतीत वर एक झरोका आहे. दुपारी दोघी आपापल्या घरात तोच सिनेमा लावत आणि मध्येच झरोक्यातून एखादं वाक्य टाकत. "हा नवरा काही बरा दिसत नाही हं." बऱ्याच वेळाने पलीकडून, "पहिल्यापासूनच नाही." झालं, एवढंच. आम्ही ते इतकी वर्षं ऐकत होतो की आम्हाला ऐकू येईनासंच झालं होतं. आणि जगाच्या लाईनी जोडत फिरलेल्या आप्पांना स्वतःच्या घरातली ही लाईन कधी दिसली नव्हती.

आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. बायको येणार नसेल तर त्यांनाही त्या घरात पाऊल ठेवायचं नव्हतं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटली. मी म्हटलं, आप्पा, एवढं काय, आई फोनवर बोलतील की त्यांच्याशी.

"फोनवर बोलावं लागतं गं," आप्पा म्हणाले. "या दोघी बोलत नाहीत. नुसत्या असतात."

दुसऱ्या दिवशी ते वायरीचं भेंडोळं खांद्यावर टाकून निघाले. वायर जिन्याखालच्या कपाटापासून मास्तरीणबाईंच्या खोलीपर्यंत न्यायची होती, म्हणजे मधल्या सगळ्या घरांच्या गच्च्यांवरून. नोकरीत असताना त्यांनी कोणाच्या गच्चीवर जायला परवानगी मागितली नव्हती, खात्याचा बिल्ला दाखवला की काम व्हायचं. आता दारोदार उभं राहायचं होतं. त्यात एका घराशी सांडपाण्यावरून असं वाजलं होतं की बोलणंच बंद. मी सोबत होते म्हणून सांगते, त्याच दाराशी आप्पांनी हात जोडले.

"माझी बायको येत नाही हो," ते म्हणाले. "एक वायर जाऊ द्या वरून."

त्या माणसाने आतून शिडी आणून दिली. मास्तरीणबाईंनी मात्र अट घातली की रात्री लाईन बंद राहील, कारण त्या घोरतात आणि ते जगाला कळायचं कारण नाही. आप्पांनी कबूल केलं. मग दोन्ही खोल्यांत तोच सिनेमा दिसेल आणि शेजारी एक माईक, एक स्पीकर कायम उघडा राहील, अशी जोडणी केली.

दुपारी सासूबाईंना आणून बसवलं. सिनेमा सुरू झाला. पलीकडून काही नाही, अलीकडून काही नाही. मी काहीतरी बोलणार होते, आप्पांनी मला हातानेच गप्प केलं. ते दाराच्या चौकटीला धरून उभे होते. मला तर रडूच येईल असं वाटत होतं.

"हा आता खोटं बोलणार बघ," स्पीकरमधून मास्तरीणबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी पाय वर घेतले, पदर सारखा केला. "बोलू दे," त्या म्हणाल्या. "तिला कळतंय सगळं."

मग पडद्यावरची नजर न काढता त्या आप्पांना म्हणाल्या, "अहो, उभे काय राहिलात? माझी खुर्ची राहिलीय तिकडे. ती आणा, म्हणजे मी नीट बसते."

आप्पा चपला न घालताच निघाले. जाताना त्यांनी मधल्या प्रत्येक घराचं दार वाजवलं, सांडपाणीवाल्याचंही, आणि "आमची ही आली बरं का" म्हणून सांगितलं. गल्लीच्या त्या टोकापर्यंत जाऊन परत आले. खुर्ची आणायची विसरून.