दोन काईलींचा गुळव्या

सर्जेराव दवाखान्यात शिरले आणि माझ्या डोक्याच्या वीतभर वर, भिंतीला रामराम घातला.

"डाक्टर, तुमी दोगं दिसताय. एकाच्या डोक्यावर एक. खरा कंचा?"

"खालचा. घरी कसं?"

"कारभारीण बोलती एकच, पर तोंडं दोन हालत्यात."

मी बारामतीत डोळ्यांचा डॉक्टर, सर्जेराव कळसचे गुळवे. उसाचा रस उकळायच्या कढईला आमच्याकडं काईल म्हणतात. तिच्यात हत्तीला अंघोळ घालावी, एवढी ती मोठी. नुसते बुडबुडे बघून गूळ झाला की नाही हे सांगतो, तो गुळव्या. सर्जेरावांच्या गुळाचा वास सुटला, की इंदापूरच्या बाजारातले घोडे टांग्यासकट कळसच्या वाटेला लागत. खोटं वाटलं तर घोड्यांना विचारा.

त्यांच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. पडदा म्हणजे आतलं अस्तर. चित्र उमटतं ते त्यावर. मुंबईला ऑपरेशन झालं, पडदा बसला, नजर आली. पण जखम भरताना तिनं डोळ्याखालचा स्नायूही आवळून धरला. उजवा डोळा समोर बघे, डावा जमिनीत पुरलेलं धन शोधे. म्हणून एकाचे दोन.

सोबत गुऱ्हाळाचे मालक आबा होते. "हंगाम तोंडावर आलाय. ह्यो गडी नसलेल्या काईलीला टेकायचा आन् असलेलीत पडायचा. मी कोल्हापूरचा गुळव्या सांगून ठेवलाय."

सर्जेरावांचा चेहरा उतरला. "आबा, उकळीत ढकला, पर माज्या काईलीवर दुसरा नगं."

मी पुण्याहून प्रिझमचा चष्मा मागवला. प्रिझम म्हणजे तिरकी काच. दोन चित्रं ओढून एकावर एक बसवते. दवाखान्यात झकास जमलं. गुऱ्हाळावर वाफ लागली आणि काचा दुधासारख्या पांढऱ्या झाल्या.

"आता तर एकबी काईल दिसंना," सर्जेराव म्हणाले.

मग मी तिथंच मेणबत्ती पेटवली. त्यांना मान हलवू दिली नाही. मेणबत्ती वर नेली, दोन. समोर धरली, दोन. पोटाच्या खाली नेली.

"आता?"

"एकच हाय की."

कारण उघड होतं. डावा डोळा वर जात नव्हता, पण खाली बघायला दोन्ही डोळे बरोबरीनं उतरत होते. आणि काईल होती कमरेएवढ्या उंच चुलीवर. काईल एवढी रुंद, की पलीकडचा काठ जवळजवळ नजरेसमोरच येई.

"आबा, काईलीशेजारी छातीएवढा ओटा बांधा."

"कशाला? नवरदेव बसवायचाय व्हय?"

"गुळव्या उभा करायचाय."

पहिल्या रसाला सगळं कळस लोटलं. कोल्हापूरचे गुळवे पाहुणेही मिशा पिळत हजर. ओट्यावरून सर्जेरावांनी खाली बघितलं. बुडबुडे उठले, फुटले, दाटले.

"उतरवा."

गूळ असा पडला, की त्याच्या पिवळ्या उजेडात पार बावडा गावापर्यंत लोकांनी पेपर वाचला. आबांनी खडा तोंडात टाकला आणि लगेच दुसरा उचलला. पाहुणे दोन ढेपा बांधून घेऊन कोल्हापूरला परत गेले.

मी पुढं पुष्कळ डोळे सरळ केले. पण शिकलो ते इथं: डोळा हलत नसेल, तर माणूस हलवावा.