अधोलीवरची शीग

आष्टीच्या बाजारात झुंबरबाई काही घ्यायला म्हणून जायची नाही, भाव विचारायला जायची. "घेनार का नुसतंच विचारनार?" दुकानदार वैतागून म्हणत. "घ्यायचं हाय म्हनूनच विचारून राह्यले," ती ठणकावून सांगे. ज्वारीचा, तेलाचा, गुळाचा भाव डोक्यात घेऊन ती गावात परते आणि त्यावरून खुरपणीची मजुरी ठरवी. बायकांची टोळी तिच्या शब्दावर शेतात उतरे आणि तिच्याच शब्दावर बांधावर बसून राही. बड्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांत ती सलायची आणि तिला त्याचा चांगलाच तोरा होता.

मजुरी ज्वारीत मिळायची. संध्याकाळी गावातले बडे शेतकरी काकासाहेब यांच्या ओट्यावर लोखंडी अधोली, म्हणजे अर्ध्या पायलीचं माप, भरली जायची, बाईमागं एक. भरायची तीही शिगोशिग. काठाच्या वर दाण्यांचा जो ढीग उभा राहतो ती शीग. ती कोणी मजुरीत धरत नसे, पण तिच्याशिवाय माप झालं असंही कोणी मानत नसे.

ही शीग बायका घरी नेत नसत. ओट्याच्या पायरीशी गोजरबाई पदर पसरून बसलेली असायची. गुडघे गेलेली, मागंपुढं कोणी नसलेली म्हातारी. खुरपं धरून पात काढणं तिला जमत नव्हतं, म्हणून ती बायकांना पाणी द्यायची, झोळीतली लेकरं सांभाळायची. मालक तिला मजूर धरत नसे. बायका पायरी उतरताना शीग तिच्या पदरात ओतायच्या आणि बोलत बोलत पुढं जायच्या. हे कोणी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळं ते कोणाच्या ध्यानातही नसायचं.

नव्वद साली ज्वारी उदंड पिकली आणि भाव कोसळला. झुंबरबाई बाजारातून तणतणत आली. "ज्वारी मातीमोल झाली अन् आपन दाने काय घेऊन राह्यलो? दान्यावर तेल कोन देतं? रोख मागू." अधोलीच्या भावापेक्षा रुपया वर मागायचं ठरलं. काकासाहेब घासाघीस करणार म्हणून ती कंबर कसूनच गेली होती. पण त्यांनी एका दमात हो म्हटलं. "बराबर हाय तुझं. पन मंग आता कायमचं रोख. उद्या फिरायचं न्हाई." बायका खूश झाल्या. झुंबरबाई तर हवेतच होती. इतक्या सहजासहजी मिळालेल्या गोष्टीचा संशय यायला हवा होता, पण तो आला नाही.

पहिले काही दिवस बायकांनी गोजरबाईच्या हातावर चार-आठ आणे ठेवले. मग कोणाला मीठ आणायचं होतं, कोणाला लेकराचं औषध. शीग ओतताना कधी हात आखडला नव्हता, नाणं सोडताना आखडला. "म्या खाऊन आले," असं गोजरबाई न विचारताच सांगू लागली आणि सगळ्यांनी ते खरं मानलं. खरं मानणंच सोयीचं होतं.

पुढच्या साली पावसानं दगा दिला. ज्वारीचा भाव चढत गेला, मजुरी तिथंच राहिली. झुंबरबाई ओट्यावर गेली. "काकासाहेब, दाने द्या."

"रोख कोनी मागितलं व्हतं?" काकासाहेब शांतपणे म्हणाले. "जबान म्हंजे जबान."

त्या आठवड्यात ती बाजारात गेली, तर आडत दुकानापुढं गाड्यांच्या खाली एक म्हातारी सांडलेले दाणे मातीसकट गोळा करत होती. ती गोजरबाई होती. म्हातारीनं मान वर केली आणि नेहमीसारखंच विचारलं, "काय भाव निघाला वं झुंबर?"

झुंबरबाईनं सांगितला.

"लई झाला," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा माती चाळू लागली.

झुंबरबाईनं तिला हाताला धरून घरी नेलं, भाकरी घातली. रोज घालावी इतकी भाकरी तिच्याही घरात नव्हती. चैत्र सरता सरता गोजरबाई गेली. वय झालं होतं, असं गाव म्हणालं. झुंबरबाई तसं म्हणाली नाही. लाजेनं ती कितीतरी दिवस बाजाराकडं फिरकली नाही.

नंतरच्या साली पीक बरं आलं, भाव उतरला. आता काकासाहेबांनीच बोलावणं धाडलं. "चला, दाने घ्या. तुमचाच शब्द राखतो." बायकांनी झुंबरबाईकडं पाहिलं. "घ्या," ती म्हणाली. "महाग असो का सस्ती, पोटात दानेच जातेत."

संध्याकाळी अधोली भरली. काकासाहेबांनी काठावरून तळहात फिरवला. शीग घसरून परत पोत्यात पडली.

"काकासाहेब, शीग?"

"ते जुनं झालं. माप म्हंजे माप."

झुंबरबाईनं भांडायला तोंड उघडलं. तेवढ्यात सवयीनं तिची नजर पायरीकडं गेली. पायरी रिकामी होती. तिनं ते सपाट माप पदरात घेतलं आणि पायरीवरून न उतरता ओट्याच्या दुसऱ्या कडेनं खाली उडी मारली.