बोटातली तार

लग्नानंतर दोन-तीन वर्षांत माझ्या उजव्या पायाचं अंगठ्याशेजारचं बोट आकड्यासारखं वाकलं. त्यावर घट्टा पडला आणि वहाण घालवेना. आमचे हे देहूरोडच्या लष्करी डेपोत कामाला होते. त्यांनी मला पुण्याच्या दवाखान्यात नेलं. आकुर्डीहून सासूबाईही आल्या, डॉक्टरवर लक्ष ठेवायला.

डॉक्टर म्हणाले, "सांध्यातलं थोडं हाड काढू, बोट सरळ करू आणि काही आठवडे आत तार ठेवू. आधी जोडवी काढावी लागतील."

सासूबाई माझ्या कानाशी लागल्या. "म्हंजी बोटच कापनार! आन् नवरा जित्ता आस्ताना जोडवी काढायची व्हय? ह्यो मानूस मला सरळ वाटत न्हाई."

संशय माझ्याही मनात होता. पण ठणका सोसवत नव्हता. मी जोडवी काढून त्यांच्याच हातात दिली.

शुद्धीवर आले तेव्हा सासूबाई बँडेजबाहेर डोकावणारी बोटं मोजत होत्या. पाच भरली, तरी बोटातून निघालेलं तारेचं टोक बघून त्यांनी नर्सला विचारलं, "ह्ये बोट तिचंच हाय कशावरनं?" नर्स हसली, तसा त्यांचा संशय आणखीच वाढला.

तार निघाल्यावर बोट ताठच राहिलं, पहिल्यासारखं वळेना. दुखणं मात्र गेलं. एक दिवस मी चिंचवडपर्यंत चालत जाऊन आले. ते ऐकून शेजारीण डॉक्टरचं कौतुक करू लागली.

"केलं त्यानं बरं," सासूबाई म्हणाल्या, "पर मी तिथं हुते म्हनून."