कांताबाईची बेचाळीस वाक्यं

“खिडकी बंद हाय, हे मी त्या बाईले काऊन सांगू? तिले दिसत नाई काय?”

कांताबाई पोळी लाटता लाटता म्हणाल्या. त्यांचा लेक राजानंद मोबाइलवर वेळ लावून फ्रिजला टेकून उभा होता. “आई, आठवं वाक्य झालं की नववं. नऊ म्हणजे खिडकी. कारण विचारू नको, नुसतं म्हण.”

जर्मनीतल्या झिंडेलफिंगेन गावात, तिसऱ्या मजल्यावरच्या घरात महिनाभर हेच चाललं होतं. कांताबाई दर्यापूर तालुक्यातल्या. तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत खिचडी रांधली, मोकळ्या झाल्या, आणि तीन महिने नातीला खेळवायला म्हणून जर्मनीत आल्या. लेकानं त्यांना फ्रेंचला जुंपलं.

भानगड अशी. राजानंद मोटारीच्या कारखान्यात रोबोंचे प्रोग्राम लिहितो. पुढच्या वर्षी कंपनी फ्रान्सातल्या प्लांटवर धाडणार अशी कुणकुण होती, म्हणून चार वर्षांच्या अन्वीला आत्तापासूनच फ्रेंच शाळेत घालायचं ठरलं. शाळेत जागा उरली होती एकच. फॉर्मात विचारलं होतं, घरात फ्रेंच कोण बोलतं? कोणीच नाही म्हणावं तर फॉर्म कचऱ्यात. स्वतःचं नाव टाकावं तर मुलाखतीत पकडला जाणार, बायकोचं टाकावं तर यामिनी घरात राहू देणार नाही. त्यानं लिहिलं, आजी. वऱ्हाडातल्या म्हातारीची चौकशी करतंय कोण? आठव्या दिवशी शाळेचं पत्र आलं. फार आनंद झाला, मुलाखतीला पोरीसोबत आजींनाच आणा.

मग त्यानं आईचाही प्रोग्राम लिहिला. पुस्तकातली बेचाळीस वाक्यं, देवनागरीत, एकाखाली एक. एकपासून सुरू करायचं, मधून उचलायची सोय नाही. कांताबाईंना भाऊ नव्हता, पण दहाव्या वाक्यात त्यांचा भाऊ डॉक्टर होता. अकराव्यात रोजच रविवार. यामिनीनं एकदा सुचवून पाहिलं की वाक्यं जरा कामाची द्यावीत. राजानंद म्हणाला, मजकूर कोण बघतो, फ्लो बघतात.

अन्वी टेबलाखाली खडू घेऊन पडलेली असायची. मराठी सगळं कळायचं, उत्तर जर्मनमध्ये यायचं, आणि फ्रेंच म्हटलं की तोंडाला कुलूप. कांताबाई एकदाच यामिनीजवळ बोलल्या, “माह्या जिभेनं पोट्टीची जागा गेली त मी कोणाले तोंड दाखवू व?” तेव्हापासून त्या भांडी घासतानाही वाक्यं घोकायच्या.

मुलाखतीला मंगळवार मिळाला. आईबापांना बाहेर बसवलं. राजानंद दाराच्या फटीला कधी कान, कधी डोळा लावून होता म्हणून पुढचं सगळं कळलं. कांताबाईंनी आधी जयभीम घातला. मुख्याध्यापिका बाई बोंजूर म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी लांबलचक विचारलं. कांताबाईंनी पदर खोचला आणि एकपासून गाडी सोडली. नाव, गाव, मला भात आवडतो. नवव्या वाक्याला त्या इतक्या ठासून बोलल्या की बाई उठल्या, उघडी खिडकी लावली आणि परत येऊन बसल्या. भाऊ डॉक्टर झाला. रविवार झाला. सोळावं म्हटलं आणि कांताबाई थेट अठराव्यावर गेल्या.

“नाँ, आज्जी!”

अन्वी होती, चक्क फ्रेंचमध्ये ‘नाही’ म्हणणारी. खुर्चीखालून बाहेर आली, कमरेवर हात ठेवले आणि सतरावं वाक्य म्हणून दाखवलं. मग अठरावं. मग थांबलीच नाही. बेचाळीसपर्यंत सगळी वाक्यं तिनं आजीच्या वऱ्हाडी हेलात घडघडा म्हटली, आणि आजी जिथं तव्यावरची पोळी उलटवायची तिथं तीही क्षणभर थांबली. बाईंनी तेही लिहून घेतलं.

पत्र आलं. जागा मिळाली, पण एका अटीवर. मूल फक्त दुसऱ्याची चूक सुधारायलाच फ्रेंच बोलतं असं शाळेच्या ध्यानात आलं होतं. तेव्हा पहिले सहा महिने घरातल्या मोठ्या माणसानं रोज अर्धा तास तिच्यापुढे चुकीचं फ्रेंच बोलावं आणि तसं शाळेला दर शुक्रवारी कळवावं.

राजानंदनं लगेच आईला उभं केलं. कांताबाईंनी बेचाळीसच्या बेचाळीस म्हटली. एकही चुकलं नाही. अन्वी ढिम्म. पुन्हा म्हटली, पुन्हा बरोबर. राजानंद काकुळतीला आला, “आई, एखादं तरी चुक ना. पोरीची जागा जाईल.”

“तीस वर्स दोनशे पोरायची खिचडी रांधली, एक डाव करपली नाई. आता म्हातारपणी चुकाले शिकवतं मले?” कांताबाईंनी कागद त्याच्या हातात दिला. “अन् मी त वीस तारखेले चालली. तू चुक. फॉर्म भरताना जमलंच होतं की तुले.”

राजानंदनं खाकरून एक नंबरचं वाक्य वाचलं. त्याला मुद्दाम चुकायची गरज पडली नाही. अन्वी टेबलाखालून तरातरा बाहेर आली.

त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी, इथल्या भाषेत केरवोख, यांच्या घराची होती. खालची म्हातारी शनिवारी पायरीवर बोट फिरवून बघते. कांताबाईंनी झाडू आणि सुपली घेतली, बापलेकीला आत सोडून दार ओढून घेतलं आणि वरच्या पायरीपासून झाडायला लागल्या.